पूर्व भागातली पाण्याची दोरी : आमच्या पोरीने पुढे काय करावं? सल्ला हवाय

जकार्डमास्तर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होतो, आता घरीच असतो. इथले धागे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. सल्ला माझ्यासाठी नको, आमच्या गल्लीतल्या एका मुलीसाठी हवाय. तिला विचारूनच लिहितोय. नाव घालू नका म्हणाली, म्हणून नुसतं 'पोरगी' म्हणतो. ती मला मामा म्हणते.

तिचे वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. पोरीचा हात लहानपणापासून चांगला. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीत ए ग्रेड. मग मुंबईला जाऊन बी.एफ.ए., म्हणजे कलेची पदवी केली. परत आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता वॉल हँगिंगची डिझाइनं करेल, गणपतीची आरास करेल, नाहीतर कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंगची बाई होईल. पोटासाठी तिने यातलं थोडंथोडं केलंही. पण तिचं खरं काम वेगळंच निघालं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळेचा भरवसा नसतो. रात्री दोनला आलं तर घरातली एक बाई जागी असते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते ना, बहुतेक वेळा तीच. पोरीने टॉवेलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या रंगीत चिंध्या गोळा केल्या आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडक्यांच्या गजांना धरून, एक दोरी बांधली. (विजेच्या खांबाला हात लावू नको, असं मीच बजावलं होतं.) पाणी आलं की त्या घरात जी जागी होती तिने एक चिंधी दोरीला बांधायची. दिवसा आलं तर पिवळी, मध्यरात्रीनंतर आलं तर निळी, येणार म्हणून सांगून आलंच नाही तर लाल. चिंधीवर आपलं नाव, ज्या लिपीत लिहिता येतं त्या लिपीत. आमच्याकडे तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू सगळं आहे. लिहिता येत नसेल तर अंगठा, नाहीतर स्वतःची एखादी खूण. एक आजी दर वेळी तेंदूचं पान काढायच्या.

सुरुवातीला बायका म्हणाल्या, 'ह्याने काय पाणी येणार हाय का?' पण बांधायला लागल्या. मग एखादीची चिंधी दिसली नाही की शेजारीण विचारायची, 'काल झोपलीस का गं?' पुरुषही बांधायला आले तेव्हा मोठा वाद झाला. जो जागा राहिला त्यालाच बांधता येईल, असं बायकांनी ठरवलं. त्यामुळे काही घरांत खरोखर पुरुष उठायला लागले. एका पहाटे नळ सोडणारा चावीवाला आला आणि म्हणाला, 'मी पण जागाच असतो की.' त्यालाही निळी चिंधी मिळाली. पावसाळ्यात सुरू झालेली ती दोरी संक्रांतीपर्यंत एवढी जड झाली की मध्ये मध्ये आधार द्यावे लागले. लांबून बघितली तर निळीच निळी.

मुंबईतल्या एका गॅलरीची माणसं ती बघून गेली. त्यांना दोरी विकत घ्यायची आहे. भिंतीवर कलाकार म्हणून एकट्या पोरीचं नाव लागणार. रक्कम एवढी आहे की तिच्या घरावरचं कर्ज फिटेल. त्याच सुमारास पुण्यातल्या एका खासगी शाळेतून ड्रॉइंग टीचरची नोकरीही आली. आईवडील म्हणतात, नोकरी घे. पोरगी म्हणते, 'मामा, दोरी माझी एकटीची नाहीच, तर मी विकू कशी?' पण विकायचं नाही, नोकरीही घ्यायची नाही, तर असल्या कामावर माणूस जगतो कसा?

माझं मत सांगतो. मी ग्राफच्या कागदावर चौकट चौकट रंगवून जे मोर काढले, ते जकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर ठोकले गेले, मागावर चढले आणि देशभर लोकांच्या पलंगावर जाऊन पोचले. चादरीवर कारखान्याचा शिक्का असतो. डिझाइन कुणाचं, ते कुठेही नसतं. आमच्या धंद्याची ती रीतच होती. पण नातीला दाखवायला माझ्याकडे काही नाही. दोरीवर प्रत्येकीचं नाव आहे. गॅलरीच्या दारात ती नावं गळून पडणार असतील तर मला ते मंजूर नाही. मात्र कर्ज मला फेडायचं नाही, तिला फेडायचंय. म्हणून तुम्हाला विचारतोय.

हिप्परगा

मास्तर, ती दोरी मी बघितलीय. अशोक चौकातून मावशीकडे जाताना दिसली, थांबून नावं वाचत बसले. तुम्हाला एक सांगायचंय. मावशीच्या गल्लीतल्या बायकांनीही आता तशीच दोरी लावलीय, तुमच्या पोरीला न विचारता. रंग तेच, फक्त हिरवा वाढवलाय : टँकर आला तर हिरवा. चालेल ना? तिला वाईट तर वाटणार नाही?

लष्करकर

मला प्रामाणिकपणे कळत नाही, म्हणून विचारतो. यात कला कुठली? चिंध्या बायकांनी बांधल्या, नावं बायकांनी लिहिली, दुःख पाण्याचं. मुलीने काय केलं? जिच्या हातात ए ग्रेड आहे तिने चित्रं काढावीत, माणसांचे चेहरे काढावेत. एम. एफ. हुसेन १९१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं, पण कुंचला सोडला नाही. आणि पाण्याचा प्रश्न असेल तर अर्ज द्यावा, मोर्चा काढावा. पूर्व भागाला मोर्चे काय नवीन आहेत? विडी कामगार बायकांनी या शहरात केवढी आंदोलनं केलीत. दोरीची गरज काय?

मुलीचं भलं व्हावं असंच मला वाटतं. नोकरी घ्यावी आणि सुट्टीत चित्रं काढावीत.

दख्खनी_कुंचला

मी मूळची सोलापूरची, पुण्यात कलेचा इतिहास शिकवते. लष्करकरांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरातल्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनाच्या दारात बेसॉल्टच्या ७००० शिळांचा ढीग रचला. अट अशी की एक शिळा हलवायची तर शहरात ओकचं एक झाड लावायचं आणि शिळा त्याच्या शेजारी उभी करायची. एका झाडासाठी ५०० जर्मन मार्क द्यायचे. झाडं लावली नाहीत तर ढीग तसाच राहणार, सगळ्या शहराच्या डोळ्यांसमोर. लोक चिडले, मग लावायला लागले. बॉइस १९८६ मध्ये गेले आणि शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. तिथे बॉइस यांनी काय 'काढलं'? काहीच नाही. एक नियम घातला, तो नियम कुठल्या जागी आणि कोणत्या वस्तूतून दिसेल ते ठरवलं. दोरीच्या बाबतीत पोरीने तेच केलंय : तीन रंग, जागं असण्याची अट, स्वतःच्या लिपीतलं नाव. हे तीन निर्णय काढून घेतले तर चिंध्यांचा ढीगच उरतो. निर्णय तिचे आहेत आणि त्या निर्णयांत भरलेलं आयुष्य बायकांचं आहे. दोन्ही खरं.

आपल्या देशातलं जवळचं उदाहरण म्हणजे नवज्योत अल्ताफ. मुंबईत शिकलेल्या, नाव झालेल्या या चित्रकर्तीने नव्वदच्या दशकात बस्तरमधल्या कोंडागावला जाऊन शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सूराम विश्वकर्मा या स्थानिक आदिवासी कलावंतांबरोबर काम सुरू केलं. ते वर्षानुवर्षं चाललं. त्यांचे 'नलपार' बघा. हातपंपाभोवतीची जागा त्यांनी गावातल्या बायकांशी बोलून नव्याने बांधली. घागर जमिनीवरून थेट डोक्यावर उचलताना कंबर मोडते, म्हणून मध्ये टेकवायला कट्टा केला. सांडपाण्याला वाट दिली, भिंतींवर स्थानिक कलावंतांची चिन्हं आली. पाणी, बायका आणि कला, सगळं तिथे आहे. आणि मास्तर, त्या कामाबद्दल लिहिलं जातं तेव्हा सहकाऱ्यांची नावं येतात. ती यावीत असा आग्रह धरला म्हणून येतात.

नावांच्या प्रश्नाला सगळ्यात सरळ भिडलेलं काम मला अमेरिकेतली एड्सची गोधडी वाटते. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा मैदानावर पसरली तेव्हा तिच्यात १९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, प्रत्येकावर एड्सने गेलेल्या एका माणसाचं नाव, शिवणारे त्याचे जिवलग. पुढे ती प्रचंड वाढली. तिचे भाग प्रदर्शनांना, शाळांना ठरावीक काळासाठी दिले जातात आणि परत येतात. गोधडी विकली गेलेली नाही. तुमच्या गल्लीने या वाटेचा विचार जरूर करावा.

लष्करकर

नलपारचं पटलं, तिथे घागर टेकवायला कट्टा तरी झाला. दोरीने गल्लीतलं काय बदललं ते मास्तरांनी सांगावं.

जकार्डमास्तर

पाणी वाढलं नाही, खोटं सांगणार नाही. पण आता नळ सुटायच्या आधी चावीवाला टोकाच्या घराला फोन करतो आणि तिथून तो निरोप घरोघर जातो. पूर्वी प्रत्येक घरात एक बाई जागायची, आता गल्लीत मिळून दोघी जागतात आणि बाकीच्यांना उठवतात. पाळ्या लावल्यात. ही कल्पना पोरीची नाही, बायकांचीच. मात्र एवढ्या निळ्या चिंध्या एका ओळीत बघितल्याशिवाय ती कुणाला सुचली नव्हती. चाळीस वर्षं आम्ही त्याच नळाखाली त्याच रात्री काढल्या.

लष्करकर

हे मला माहीत नव्हतं. हे मोठं काम आहे. नोकरीचं मत मात्र कायम आहे.

वकील_सातरस्ता

कायद्याचं थोडं. गॅलरीशी बोलण्याआधी पोरीने हे वाचावं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे, पण ती अशा कृतीसाठी आहे जिथे एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. इथे तर प्रत्येक चिंधीवर नाव आहे, वाटा डोळ्यांना दिसतो. तेव्हा कायदा आपोआप गल्लीच्या बाजूने उभा राहील असं धरून चालू नका. जे ठरेल ते कागदावर आणा. याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये कर्त्याचा विशेष हक्क आहे. कृतीचे हक्क विकले तरी 'हे माझं आहे' असं सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला धक्का लागत असेल तर हरकत घेण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. निकाल लागेपर्यंत किती वर्षं गेली ते बघा. म्हणून कागद आधी करा.

तिच्या पुढच्या कामांसाठी दुसरी गोष्ट. सार्वजनिक ठिकाणी भिंतीवर काही लिहायचं, रंगवायचं तर आपल्याकडे १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. जागेच्या मालकाची किंवा स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लेखी घ्यावी. तोंडी 'करा की हो' पुढे कामाला येत नाही. खिडकीच्या गजांना बांधलं तेव्हा घरमालकांची संमती होती, ते बरं झालं.

गॅलरीचा मसुदा आला तर मला पाठवा. फी नको.

बाळीवेस

सगळे मोठमोठं बोलतायत, मी एका आईच्या बाजूने बोलते. माझा मुलगा नाटकात आहे, म्हणून जीव कसा टांगणीला लागतो ते मला ठाऊक आहे. त्या पोरीच्या आईने हजार विड्यांच्या हिशोबाने पैसे मोजून तिला मुंबईला शिकवलंय. 'लेक काय करते?' म्हणून कुणी विचारलं तर ती माऊली काय सांगणार, दोरी बांधते? आधी पोरीने आईला शेजारी बसवून समजावावं की हे काय आहे आणि यातून घरात काय येणार आहे. बाकी ठरवाठरवी त्यानंतर.

सूत_आणि_सूर

मी मुंबईत वस्त्यांमधून असंच काम करते, बरीच वर्षं झाली. मास्तरांनी विचारलंय की माणूस जगतो कसा. त्याचं उत्तर मी जगून दाखवतेय, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

एकाच वाटेने जगता येत नाही. माझ्या घरात पैसे येतात ते तीन-चार ठिकाणांहून : आठवड्यातले काही तास शिकवणं, अनुदानं, एखाद्या संस्थेने दिलेलं काम आणि क्वचित विक्री. अनुदानांत बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे तिने नक्की अर्ज करावा. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशभरातल्या कलावंतांना निधी देते आणि तिथे भारतीय भाषांतून अर्ज करता येतो. म्हणजे तिने मराठीत किंवा तेलुगूत, जशी ती बोलते तसं लिहावं. इंग्रजीचा धाक घेऊन आपल्या लहान गावांतली कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. दिल्लीची 'फिका' ही संस्था सार्वजनिक कलेसाठी वेगळं अनुदान देत आलीय. दिल्लीतलंच 'खोज' हे कला केंद्र १९९७ पासून आहे आणि खिडकी गावाच्या वस्तीत राहून शेजाऱ्यांबरोबर काम करतं. तिथल्या निवासी कार्यक्रमांच्या घोषणांवर लक्ष ठेवावं. कंपन्यांच्या सीएसआरमध्येही, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीत, कला-संस्कृतीला जागा आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ती लिहिलेली आहे. तो पैसा घेताना मात्र दोनदा विचार करावा. त्यांना बहुधा भिंतीवर हसऱ्या बायका आणि एक घोषवाक्य हवं असतं. लाल चिंधी त्यांना चालेल का, हे आधी विचारून घ्यावं.

आता पैशाचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या क्षेत्रात सर्रास होतं काय, तर कलाकाराला मानधन, फोटोग्राफरला मानधन, छपाईला पैसे आणि ज्या बायका तासन्‌तास बसल्या त्यांना चहा-बिस्किट. विडी वळणारीला पैसे हजारावर मिळतात. ती दोन तास तुमच्या कामाला बसली तर तेवढ्या विड्या कमी झाल्या, संध्याकाळच्या हिशोबात ते दिसतं. तेव्हा अंदाजपत्रकात पहिली ओळ सहभागी बायकांच्या वेळेची असावी, कलाकाराच्या मानधनाच्याही वर. देणारे कुरकुर करतात. मी ती ओळ काढू देत नाही आणि त्यापायी कामं गमावलीही आहेत. चिंधी बांधायला क्षणभर लागतो, तिथे पैशाचा प्रश्न नव्हता. पण यापुढे बैठका होतील, मुलाखती होतील, प्रदर्शनाला माणसं न्यायची असतील, तिथे येईल.

आणि एक गोष्ट तरुण कलाकाराने फार लवकर ठरवायला लागते : थांबायचं किती. वस्तीत जाऊन आठवड्याभरात भिंत रंगवून निघून जाणारे खूप आहेत. फोटो छान येतात, बोलावणी येतात, नाव होतं. तुमची पोरगी तर तिथलीच आहे, पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत तिने त्या दोरीची देखभाल केली, ही तिची सगळ्यात मोठी मिळकत आहे. पुण्याला गेली तर पगार मिळेल, पण हे तुटेल. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लॅडरमन युकेलिस १९७७ पासून तिथल्या सफाई खात्यात निवासी कलावंत आहेत, बिनपगारी. १९७९-८० मध्ये त्यांनी शहरातल्या सुमारे ८५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. इतकी वर्षं एका जागी राहणं ज्यांना परवडतं, त्यांच्यामागे घरातली कमाई नाहीतर दुसरं उत्पन्न असतं. हे लपवून 'ध्यास धर, सगळं होईल' असं मी कुठल्याही मुलीला सांगणार नाही. उत्पन्नाची सोय सोलापुरातच लावता आली तर मात्र तिने सोलापूर सोडू नये, असं मी अगदी कळकळीने सांगते.

हिप्परगाताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर : अशी नक्कल व्हावी हीच या कामाची इच्छा असते. कँडी चँग यांनी २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या एका पडक्या घराची भिंत फळ्यासारखी काळी रंगवून तिच्यावर 'मरण्याआधी मला...' एवढंच छापलं. पुढची रिकामी जागा येणाजाणाऱ्यांनी खडूने भरायची. मग ती कशी करायची हे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं आणि जगभर हजारो भिंती उभ्या राहिल्या. तरीही पोरीला एकदा कळवा. टँकरचा हिरवा तिला आवडेल.

काठी_आणि_बाराबंदी

नावांबद्दल माझं थोडं वेगळं आहे. मी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांपैकी. सिद्धेश्वर यात्रेत सात काठ्या निघतात. महिनाभर आधीपासून सराव चालतो, एक थकला की दुसरा खांदा देतो. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा 'दिड्डम् दिड्डम्, सत्यम् सत्यम्' म्हणत सगळं सोलापूर एका वेळी हात उचलतं. कुणाची अक्षता कुठे पडली ते कुणी लिहून ठेवत नाही, लिहू पण नये. सगळ्यांत मिसळून जाण्यातही मान असतो. नावाचा एवढा आग्रह कशाला, मास्तर?

जकार्डमास्तर

काठीची आणि अक्षतांची गोष्ट शंभर टक्के मान्य. पण तिथे दुसऱ्या दिवशी कुणी येऊन अक्षता एका माणसाच्या नावावर विकत नाही. जिथे कुणाचंच नाव लागत नाही तिथे माझंही नको. जिथे एकाचं लागणार, तिथे सगळ्यांचं लागलं पाहिजे.

काठी_आणि_बाराबंदी

हे पटलं बघा.

निळी_चिंधी

मीच ती. मामांनी सगळं नीट लिहिलंय. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनावर घेतलंत, वाचताना फार बळ आलं.

बाळीवेसकाकू, आईशी बोलले. गॅलरीवाल्यांचं पत्र तेलुगूत करून तिला वाचून दाखवलं. तिने सगळ्यात आधी विचारलं, 'एवढे पैसे कशाचे देतात?' मी म्हटलं, तुमच्या जागरणाचे. ती बराच वेळ हिशोब करत बसली आणि म्हणाली, मग बाकीच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नको.

म्हणून काल बैठक घेतली. सोपं नव्हतं. लक्ष्मीपूजनाला आम्ही दोरीलाही हळदकुंकू लावलं होतं, त्यामुळे विकायचं म्हटल्यावर दोन-तीन अक्का चिडल्याच. पण एका वहिनीने स्पष्ट विचारलं, 'दोरी गल्लीत ठेवून माझ्या पोरीची फी भरली जाणार का? पैसे येत असतील तर येऊ द्या की.' तिचं चूक आहे असं मला एक क्षणही वाटलं नाही. पैशाची गरज असलेल्या बाईला 'ही विकायची वस्तू नाही' असं सांगायचा अधिकार मला कुणी दिला? रात्री उशिरापर्यंत बोललो.

ठरलं ते असं. दोरी विकायची नाही. गॅलरीला ठरावीक महिन्यांसाठी द्यायची, त्याचं भाडं घ्यायचं. भिंतीवर सगळ्यांची नावं चारही लिप्यांत, माझं त्यात एक, पुढे 'कल्पना आणि मांडणी' एवढं. उद्घाटनाला गल्लीतल्या पाचजणी येणार, त्यांचं जाणं-येणं आणि बुडालेल्या विड्यांचे पैसे गॅलरीने द्यायचे. दोरी परत येणार.

आणि विक्रीसाठी वेगळी वस्तू करायची. ही कल्पना त्याच वहिनीची. दोरीवरच्या चिंध्या ज्या क्रमाने बांधल्या गेल्या तो क्रम माझ्या वहीत आहे. त्या क्रमाने मामा ग्राफवर चौकटी भरतील, एका चिंधीला एक चौकट, पिवळी, निळी, लाल. त्यावरून हातमागावर वॉल हँगिंग विणायचं. काठावर नावं विणायची, मामांचं डिझाइनकार म्हणून आणि विणणाऱ्याचंही. विणकराची मजुरी आधी काढायची आणि उरलेल्याचे वाटे करायचे. दोरीवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना समान, मलाही तेवढाच, अधिक माझं कामाचं मानधन. मामा अजून हो म्हणाले नाहीत, डोळ्यांना आता चौकटी दिसत नाहीत म्हणतात. त्यांना तुम्ही सांगा.

पुण्याच्या नोकरीला नाही कळवलं. इथल्याच एका क्लासमध्ये आठवड्यातले तीन दिवस एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं शिकवणार आहे. घरचं कर्ज एकदम फिटणार नाही, हळूहळू फिटेल. बाबांना हे पटलेलं नाही आणि त्यांची काळजी खोटी नाही. सूतताई, अनुदानाचा अर्ज मराठीत लिहायला घेतलाय. अंदाजपत्रकात पहिली ओळ बायकांच्या वेळेचीच आहे.

लष्करकर काका, चेहरे मी अजून काढते. प्रत्येक चिंधीमागचा चेहरा काढून ठेवलाय, वहीत. कधी या बघायला.

लष्करकर

येतो. सोबत ग्राफ वाचायचं मोठं भिंग आणतो, आमच्या वडिलांचं आहे, तेही डिझाइन खात्यात होते. मास्तर, आता कारण सांगू नका.

जकार्डमास्तर

बरं. ग्राफ आणायला सांगितलाय.

वकील_सातरस्ता

भाड्याच्या कराराचा कच्चा मसुदा केलाय. परतीची तारीख, विमा, नावं कुठे आणि केवढ्या अक्षरांत, फोटो कुठे वापरता येतील आणि दोरीची एकही गाठ सोडायची नाही, एवढं घातलंय. सही एकट्या पोरीची नको, गल्लीतर्फे आणखी तिघींची हवी. त्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवावा लागेल. तेलुगूत मास्तर वाचतील. कन्नड आणि उर्दू कोण वाचेल?

काठी_आणि_बाराबंदी

कन्नड मी.

हिप्परगा

उर्दू वाचायला मावशीच्या शेजारच्या आपा येतील, विचारलंय. आणि निळी चिंधी, आमच्या गल्लीची सुतळी पहिल्याच वळवाने कुजली. तुम्ही कोणती दोरी वापरली?

निळी_चिंधी

नायलॉनची, मागाच्या दुकानात मिळते ती. करंगळीएवढी जाड घ्या आणि दर दोन खिडक्यांना एक गाठ मारा, नाहीतर मध्ये झोळ येतो. आपांसोबत हिरव्या चिंध्या थोड्या पाठवा, आमच्याकडे त्या रंगाचा टॉवेल निघत नाही.